एकवीस नंबरच्या कंपनीचा माग

बेळगावात आणि आसपासच्या खेड्यांत फौजेचा विषय निघाला की बोलणे मराठा लाइट इन्फंट्रीकडे वळते, आणि ते स्वाभाविकही आहे. या पलटणीचे केंद्र १९२२ पासून इथल्या कॅम्पात आहे आणि सीमाभागातल्या कित्येक घरांतल्या दोन-तीन पिढ्या तिच्यात होऊन गेल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात या पलटणीच्या बटालियन कुठे लढल्या, हे गावातला जाणता माणूस सहज सांगतो. टायबरच्या खोऱ्यात जुलै १९४४ मध्ये नाईक यशवंत घाडगे यांनी आणि सेनियो नदीवर एप्रिल १९४५ मध्ये शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचे सर्वोच्च ब्रिटिश पदक मिळवले, हे इथे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. याच गावांतले काही तरुण मात्र कॅम्पात भरती न होता मीटर गेजच्या गाडीने मिरजेवरून पुण्याला आणि तिथून खडकीला गेले आणि रॉयल बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स या फौजेच्या इंजिनिअर दलात दाखल झाले. त्यांनी सारे युद्ध रस्ते, पूल, पाणी आणि सुरुंग यांच्या कामात काढले. ते कोणकोणत्या मुलखांतून गेले, हे त्यांच्या नातवंडांना सहसा सांगता येत नाही. माझ्या आईचे वडील, म्हणजे आमचे आज्जा, त्यांपैकी एक होते. त्यांच्या कंपनीचा माग काढण्याचे काम मी गेली काही वर्षे करतो आहे आणि जे हाती लागले ते इथे नीट मांडून ठेवतो आहे.

पायदळाच्या बटालियनला स्वतःचे नाव, स्वतःचे निशाण आणि स्वतःचा छापील इतिहास असतो. सॅपरांची फील्ड कंपनी ही सुमारे अडीचशे माणसांची तुकडी. ती एखाद्या डिव्हिजनला, म्हणजे काही ब्रिगेड मिळून होणाऱ्या मोठ्या दळाला, जोडलेली असते आणि त्या डिव्हिजनमध्ये गरज पडेल त्या ब्रिगेडच्या हाताखाली जाते. सावडीची माणसे आज एकाच्या तर उद्या दुसऱ्याच्या शेतात दिसावीत, तशी ती कागदोपत्री कधी या ब्रिगेडच्या तर कधी त्या ब्रिगेडच्या हकिगतीत डोकावते, आणि लढाई संपली की वर्णनातून नाहीशी होते. त्यामुळे केवळ कंपनीच्या नावाने शोध घेणारा माणूस लवकर निराश होतो. मला जे कळले ते एवढेच की कंपनी शोधायची असेल तर आधी तिची डिव्हिजन शोधावी, डिव्हिजनच्या वाटेत कुठे पूल उडालेले होते, कुठे रस्ता नव्हता, कुठे सुरुंग पेरलेले होते ते पाहावे, आणि मग त्या ठिकाणी आपली कंपनी सापडते का ते तपासावे. सॅपरांच्या हालचालींचा खरा नकाशा त्यांनी केलेल्या कामांचा असतो.

आज्जांच्या ट्रंकेत डिस्चार्जचे कागद आणि पदके होती. कागदांवर सैनिक क्रमांक, भरतीचे वर्ष १९४१, आणि '२१ फील्ड कंपनी' अशी नोंद होती. हा आकडा दिसतो त्यापेक्षा बरेच काही सांगतो. १९०३ नंतर सॅपर्स अँड मायनर्सच्या तिन्ही गटांतल्या कंपन्यांना एकाच मालिकेतले क्रमांक दिले गेले. बंगालच्या कंपन्यांचे क्रमांक १ पासून, मद्रासच्या कंपन्यांचे ९ पासून आणि मुंबईच्या कंपन्यांचे १७ पासून सुरू होत. त्यामुळे १७ ते २२ यांपैकी क्रमांक दिसला की ती जुनी, खडकीची कंपनी आहे असे मानायला हरकत नाही. युद्धकाळात नव्याने उभ्या केलेल्या कंपन्यांना पुढचे मोठे क्रमांक मिळाले, त्यांना हा नियम लागू पडत नाही. शिवाय ब्रिटिशांच्या रॉयल इंजिनिअर्समध्येही क्रमांकाच्या फील्ड कंपन्या होत्या, म्हणून निव्वळ आकड्यावर विसंबून चालत नाही. त्याच्यापुढे सॅपर्स अँड मायनर्सचा उल्लेख आहे की नाही, हे प्रत्येक वेळी पाहावेच लागते.

पदकांनी त्याहून अधिक मदत केली. आफ्रिका स्टार हे पदक १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळात उत्तर आफ्रिकेत किंवा सुदान, इरिट्रिया, अॅबिसिनिया (आजचा इथिओपिया) या भागांत सेवा केलेल्यांना मिळाले, तर इटली स्टार ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळातल्या सेवेसाठी. आज्जांच्या आफ्रिका स्टारच्या फितीवर आठव्या सैन्याची, म्हणजे वाळवंटात लढणाऱ्या ब्रिटिश सैन्याची, पट्टी आहे. ही पट्टी २३ ऑक्टोबर १९४२ नंतर आठव्या सैन्यात असलेल्यांनाच दिली जात असे. म्हणजे इजिप्तमधली अल् अलामीनची लढाई सुरू झाल्यापासून आफ्रिकेतले युद्ध संपेपर्यंतच्या काळात ते वाळवंटात होते, हे कोणाच्या आठवणीवर अवलंबून न राहता सिद्ध होते. भारतीय सैनिकांच्या युद्धपदकाच्या कडेवर क्रमांक, नाव आणि दलाचे संक्षिप्त नाव कोरलेले असते. घरात एकापेक्षा अधिक माणसांची पदके एकत्र ठेवलेली असतील, तर कोणते कोणाचे हे त्या कडेवरूनच ठरवावे.

आमच्या घरात एक गोष्ट पूर्वापार सांगितली जात असे, की आज्जा भगतसाहेबांबरोबर अॅबिसिनियात होते. या गोष्टीमागे मोठे सत्य आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंह भगत हे खरोखरच २१ फील्ड कंपनीतले अधिकारी होते. सुदान आणि अॅबिसिनिया यांच्या सीमेवर गलाबात आणि मेटेम्मा ही दोन ठाणी समोरासमोर आहेत. ६ नोव्हेंबर १९४० रोजी ब्रिगेडिअर स्लिम यांच्या १० व्या भारतीय ब्रिगेडने गलाबात घेतले, परंतु इटालियन विमानांच्या माऱ्यामुळे तिला मागे यावे लागले. त्या माघारीत शत्रूची वाट अडवण्यासाठी मोरी उडवण्याचे काम सॅपरांकडे आले. सुरुंगाचा एक स्फोट झालाच नाही, तेव्हा भगत गोळीबारात पुढे धावले आणि त्यांनी तो पार पाडला. पुढे मेटेम्मा हाती आल्यावर ३१ जानेवारी ते १ फेब्रुवारी १९४१ च्या रात्रीपासून गोंदरच्या रस्त्याने पाठलाग सुरू झाला. या पाठलागात सर्वांत पुढच्या ब्रेन कॅरिअरमध्ये, म्हणजे हलक्या चिलखती गाडीत, भगत आणि त्यांच्या सेक्शनमधले सॅपर होते. चार दिवसांत सुमारे ५५ मैलांच्या वाटेवर त्यांनी १५ सुरुंगक्षेत्रे शोधून मोकळी केली. दोनदा कॅरिअर सुरुंगावर उडाली आणि सोबतची माणसे दगावली किंवा जायबंदी झाली, एकदा दबा धरून बसलेल्या शत्रूने जवळून गोळीबार केला, आणि स्फोटाने भगत यांच्या एका कानाचा पडदा फाटला. तरीही, हे काम आता मलाच अधिक चांगले जमते, असे सांगून त्यांनी बदली माणूस घेण्यास नकार दिला. या कामगिरीबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धात हा सन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत.

तारखा जुळवल्या की आज्जा तिथे नव्हते हे स्पष्ट होते, कारण त्या फेब्रुवारीत ते खडकीला पोहोचलेही नव्हते. भरतीनंतरचे प्रशिक्षण आणि जहाजाचा प्रवास धरला तर १९४२ च्या आधी ते कंपनीत दाखल होणे शक्यच नव्हते. परंतु ज्या कंपनीत ते बदली शिपाई म्हणून दाखल झाले, तिथे मेटेम्माच्या रस्त्यावर काम केलेले हवालदार आणि नाईक नक्कीच असणार. त्यांच्याकडून ऐकलेली हकिगत नव्या शिपायाने आपली मानली आणि तीच घरी सांगितली, तर त्यात मला खोटेपणा दिसत नाही. कंपनीची आठवण अशीच एकाकडून दुसऱ्याकडे जात राहते. फक्त ती आठवण कंपनीची की त्या माणसाची, हे माग काढणाऱ्याने वेगवेगळे मांडले पाहिजे.

हाच घोळ पहिल्या महायुद्धाबाबतही होतो. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल येथे २८ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबई सॅपर्सच्या २० आणि २१ या कंपन्यांनी ४७ व्या शीख पलटणीबरोबर हल्ला केला आणि त्यात या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांची व जवानांची भयंकर हानी झाली. क्रमांक तोच असल्याने नातवाच्या शोधात पणजोबांच्या काळातली कंपनी मिसळते. सीमाभागातल्या काही कुटुंबांत दोन्ही युद्धांत माणसे गेलेली आहेत, तिथे ही काळजी अधिकच घ्यावी लागते.

पत्त्यांचा प्रश्न आपल्या भागाला विशेष जाचतो. १९४१ मध्ये बेळगाव जिल्हा मुंबई प्रांतात होता, परंतु आजच्या जिल्ह्यातला सगळा मुलूख तेव्हा ब्रिटिश अमलाखाली नव्हता. शहराला लागून असलेले शहापूर सांगली संस्थानात होते आणि रायबागचा भाग कोल्हापूर संस्थानात. म्हणून शहापुरातल्या सॅपरची नोंद बेळगाव या नावाखाली शोधून मिळत नाही. ती सांगली संस्थानात पाहावी लागते, जरी त्याचे घर कॅम्पापासून चालत जाण्याच्या अंतरावर असले तरी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरखेरीज त्याच नावाचा दुसरा तालुका तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात होता, जो आता सांगली जिल्ह्यात आहे. इंग्रजी कागदांत केवळ 'खानापूर' लिहिलेले असेल तर जिल्ह्याचे नाव पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. गावाचे नाव कारकुनाने जसे ऐकले तसे रोमन लिपीत उतरवलेले असते, म्हणून ते मोठ्याने वाचून पाहिले की बऱ्याचदा आपले गाव ओळखू येते.

आता कंपनीच्या वाटेकडे वळतो. २१ फील्ड कंपनी १९४२ मध्ये चौथ्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. त्या डिव्हिजनमधल्या इतर सॅपर कंपन्या म्हणजे बंगालची ४, मद्रासची १२ आणि मद्रासचीच ११ फील्ड पार्क कंपनी (बाकीच्या कंपन्यांना सामान-यंत्रे पुरवणारी). ऑक्टोबर १९४२ मध्ये डिव्हिजन अलामीनच्या फळीत रुवैसात टेकाडावर होती. हिवाळा वाळवंटातल्या मागच्या कामांत गेला आणि मार्च १९४३ मध्ये ट्युनिशियात तिला पुन्हा पुढे आणले गेले. मारेथच्या फळीपुढे वादी झिगझाऊ नावाचा ओला, दरडींचा नाला होता. तो ओलांडण्यासाठी दुसऱ्या एका डिव्हिजनला वाट करून देण्याचे काम चौथ्या डिव्हिजनच्या सॅपरांना तोफांच्या आणि मशीनगनच्या माऱ्यात करावे लागले. त्यानंतर डिव्हिजन मात्माता डोंगरांतून हालूफच्या खिंडीकडे वळली, तिथेही सॅपरांना डोंगरात वाट मोकळी करावी लागली. ६ एप्रिलला वादी अकारितची लढाई झाली आणि १२ मे रोजी जनरल फॉन आर्निम यांनी याच डिव्हिजनपुढे शरणागती पत्करली. आज्जा 'ट्युनिसला जर्मन जनरल पकडला' असे सांगत. हे वाक्य मी लहानपणी कौतुकाने ऐकत असे, आणि त्याला असा कागदोपत्री आधार मिळाल्याचा आनंद मोठा होता.

इटलीत डिव्हिजन १९४३ च्या अखेरीस उतरली, आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये तिला कॅसिनोला आणले गेले. या लढाईविषयी जगभर पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु त्यातला बहुतेक मजकूर तिथल्या डोंगरावरच्या ख्रिस्ती मठाचा, बॉम्बफेकीचा आणि पायदळाच्या हल्ल्यांचा आहे. १५ फेब्रुवारीला मठ बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झाला. त्यानंतरचा हल्ला फसला आणि २४ फेब्रुवारीपासून जवळजवळ तीन आठवडे सगळे पाऊस थांबण्याची वाट पाहत राहिले. सॅपरांचे सर्वांत मोठे काम याच आठवड्यांत झाले. कैरा गावापासून डोंगरावरच्या पुढच्या ठाण्यांकडे शेळ्यांची एक पायवाट जात होती. वर असलेल्या पायदळाला दारूगोळा, पाणी आणि अन्न खेचरांवरूनच पोहोचवावे लागे. ती पायवाट आधी जीपगाडीसाठी आणि मग रणगाड्यांसाठी रुंद करायचे ठरले. चौथ्या डिव्हिजनच्या सॅपर कंपन्यांनी न्यूझीलंडच्या इंजिनिअरांच्या साथीने कातळ फोडला, वळणे मोठी केली, दरीकडच्या बाजूला दगडी बांध घातले आणि जर्मन निरीक्षकांच्या नजरेत येणाऱ्या जागांवर रस्ता झाकणाऱ्या जाळ्या ताणल्या. हा रस्ता कॅव्हेंडिश रोड या नावाने ओळखला जातो.

१९ मार्चला या रस्त्याने न्यूझीलंडचे, अमेरिकेचे आणि भारतीय ब्रिगेडचे रणगाडे वर चढले. जिथे रणगाडा येऊ शकतो असे जर्मनांच्या स्वप्नातही नव्हते, त्या मठामागच्या अल्बानेटा शेतघराजवळ ते पोहोचले. त्यांच्याबरोबर पायदळ दिले नव्हते. सुरुंग, टॅंकविरोधी मारा आणि अरुंद जागा यांमुळे बरेच रणगाडे गमावून त्यांना परतावे लागले. माझे स्पष्ट मत आहे की या हल्ल्याचे अपयश रस्ता करणाऱ्यांच्या पदरी टाकता येत नाही. त्यांनी मागितलेले काम वेळेत आणि गुपचूप पुरे केले होते, आणि त्या कामाचा पुरता उपयोग पुढे मे महिन्यात झाला, जेव्हा पोलिश सैन्याचे रणगाडे त्याच वाटेने अल्बानेटाकडे गेले. आज तिथे पोलिश रणगाड्याचे स्मारक आहे आणि ते असायलाच हवे, कारण त्या उतारावर पोलिश जवानांनी प्राण दिले. डोंगरातून भटकंती करणारे लोक कॅव्हेंडिश रोडवरून आजही चालतात. तो रस्ता खोदणाऱ्यांत खडकीहून गेलेले मराठा, शीख आणि मुसलमान सॅपर होते, हे त्या भटक्यांना कोणी सांगितले तर मला फार बरे वाटेल.

कॅसिनोच्या लढाईच्याच दिवसांत, २४ फेब्रुवारी १९४४ रोजी, मिन्यानोजवळ ११ फील्ड पार्क कंपनीचे सुभेदार सुब्रमण्यन यांनी सहकाऱ्यांना वाचवण्यासाठी सुरुंगावर स्वतःचे शरीर झोकून दिले. त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस देण्यात आला. ते मद्रास सॅपर्सचे, म्हणून आपल्या शोधात त्यांचे नाव बाहेर राहण्याचा धोका असतो. परंतु आपली कंपनी ज्या कामावर होती ते काम काय स्वरूपाचे होते, हे समजण्यासाठी शेजारच्या कंपनीचा इतिहास वाचावाच लागतो.

कॅसिनोनंतरचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. डिव्हिजन पूर्वेकडच्या आड्रियाटिक बाजूला गेली, जुलैत मध्य इटलीच्या डोंगरांत होती, ऑगस्ट-सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मनांची गॉथिक फळी फोडून सान मारिनोपर्यंत पोहोचली, आणि वर्षाच्या अखेरीस ग्रीसला रवाना झाली. आज्जांचा ग्रीसविषयीचा उल्लेख घरात कोणी गंभीरपणे घेत नसे, कारण लढाई इटलीत होती असेच सर्वांना वाटे. प्रत्यक्षात जर्मन निघून गेल्यावर तिथे यादवी पेटली होती आणि डिव्हिजन १९४६ च्या सुरुवातीपर्यंत तिथेच होती. आज्जांचा डिस्चार्जही १९४६ मधलाच आहे.

ज्यांना आपल्या घरातल्या सॅपरचा असाच माग काढायचा आहे, त्यांच्यासाठी कागद कुठे आहेत ते सांगतो. युनिटने महिन्यागणिक लिहिलेल्या युद्धरोजनिशा लंडनमधल्या क्यू येथील नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहेत. मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेच्या रोजनिशा डब्ल्यू ओ (वॉर ऑफिस) १६९ या मालिकेत, इटली-ग्रीसच्या १७० मध्ये आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीच्या १७२ मध्ये ठेवलेल्या आहेत. कंपनीची रोजनिशी पाहताना डिव्हिजनच्या मुख्य इंजिनिअर अधिकाऱ्याच्या कार्यालयाची रोजनिशीही मागवावी, कारण कोणत्या कंपनीला कोणते काम दिले हे तिच्यात एकत्र दिसते. व्यक्तीची सेवानोंद खडकीच्या रेकॉर्ड ऑफिसकडे असते. तिथे वारसाचा पुरावा आणि सैनिक क्रमांक दिल्याशिवाय काम पुढे सरकत नाही, आणि जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाचे (पूर्वीच्या सोल्जर बोर्डाचे) पत्र सोबत असले तर बरे पडते. युद्धात गेलेल्यांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या सूचीत दल आणि जिल्ह्यानुसार सापडतात. हिंदू जवानांचे दहन होत असल्याने त्यांच्यापैकी बहुतेकांची समाधी नसते. त्यांची नावे स्मारकांच्या भिंतींवर असतात, उदाहरणार्थ सँग्रो नदीजवळच्या युद्धसमाधीस्थळातल्या दहनस्मारकावर. म्हणून 'कबर नाही' असे उत्तर मिळाले तर शोध थांबवू नये.

पदकांच्या बाबतीत एक विनंती आहे. चकाकी यावी म्हणून कडा घासू नयेत. त्या कडेवरचा क्रमांक, डिस्चार्जवरची भरतीची तारीख आणि कंपनीचा आकडा हे तिन्ही आधी एका वहीत उतरवून घ्यावेत, मगच पत्रव्यवहाराला सुरुवात करावी.